श्रावणात शिजलेला स्ट्यू

"ताई, झाकण उघडायचं नाही हं. वाफ गेली की सगळं गेलं."

माझी धाकटी जाऊ मृणाली हे नेहमी बजावायची. तिला जाऊन वर्ष झालं.

मागच्या शुक्रवारी तोच आवाज मी पुन्हा ऐकला...

रोजचे नेम पाळणारी, देवासमोर बसणारी बाई आहे मी. खोटं लिहून मला काय मिळणार? घडलं तेवढंच सांगते.

आम्ही भिवंडीत टेमघरला राहतो. मृणाली काविळीने गेली. तिची सहा वर्षांची उन्नती माझ्याजवळच असते. मला मूलबाळ नाही. ती आहे तेवढीच.

मृणाली गोदामाच्या ऑफिसात कामाला होती. विजेवर मंद आचेने शिजवणारा स्लो कुकर तिनेच आणलेला. सकाळी लावून ड्युटीवर जायची, संध्याकाळी स्ट्यू, म्हणजे दाट रस्सा, तयार. मूळ रेसिपी परदेशातली, बीफची. आमच्यात ते चालत नाही, म्हणून ती मटण घालायची.

आम्हा दोघींसाठी तिने इंटरनेटवर कामांची यादीही बनवली होती. एकीने काम उरकलं की खूण करायची, दुसरीच्या मोबाईलवर कळायचं.

"तुमच्या डोक्यात नुसते उपास, ताई," ती हसायची. "कामं इथे लिहा."

ती गेल्यावर मी ती यादी उघडलीच नाही. विसरूनच गेले.

मागचा शुक्रवार श्रावणातला. शुक्रवारची सुट्टी म्हणून आसपासचे कापडाचे लूम बंद, सगळीकडे सामसूम. हे आणि हरेशभाऊजी, म्हणजे उन्नतीचे पप्पा, दोघंही बाहेर. उन्नती धामणकर नाक्याला क्लासला.

मी एकटीच जिवती पुजत होते. मूल घरात नसलं की चारी दिशांना अक्षता टाकून ओवाळायचं. तसंच केलं. पण डोळे भरून आले आणि तोंडून निघून गेलं...

"मृणाली, ये गं. तुझ्या लेकीला ओवाळ."

लेकरांच्या पूजेत गेलेल्या माणसाला हाक मारू नये. मला कळायला हवं होतं.

मोबाईल वाजला.

"मृणाली : भाज्या चिरल्या. झालं."

वाटलं, जुनं काहीतरी आलं असेल.

मग वास आला... काळी मिरी, तमालपत्र... आणि मटण.

श्रावणात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

स्वयंपाकघरात गेले. माळ्यावर बांधून ठेवलेला स्लो कुकर ओट्यावर होता. वायर तशीच गुंडाळलेली. तरी काचेचं झाकण वाफेने भरलेलं... आणि हळूहळू थडथडत होतं.

देवाचं नाव घेत हात पुढे केला.

"ताई, झाकण उघडायचं नाही हं."

अगदी मानेजवळून.

मागे कुणी नव्हतं.

मोबाईल पुन्हा वाजला.

"मृणाली : उन्नतीला क्लासमधून आणलं. झालं."

लगेच क्लासच्या रीमा मिसना फोन लावला.

"उन्नती? आत्ताच गेली की. मम्मी आलेली ना तिची."

"तिला मम्मी नाहीये हो, मिस!"

"मी नवीन आहे हो, मला काय माहीत... पण तीच 'मम्मी, मम्मी' करत धावत गेली."

अनवाणीच बाहेर पळाले. आणि जिन्यातच थबकले.

उन्नती वर येत होती. एकटीच. एक हात वर धरलेला... कुणाचं तरी बोट पकडल्यासारखा.

मी तिला उराशी धरलं. "भूक लागली का गं बाळा?"

"नाही, मोठी आई. मम्मीने भरवलं."

तिच्या तोंडाला मटणाचा वास होता.

घरात आलो तर ओटा रिकामा. कुकर माळ्यावर, कापडात बांधलेला. वरची धूळही तशीच.

कापड मात्र गरम होतं.

रात्री घरी आल्यावर सगळं ऐकून हरेशभाऊजी हसले. "वहिनी, उपासाचं पित्त चढलंय तुम्हाला." मग त्यांनी ती यादी उघडायला घेतली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"ही साईट तर कधीच बंद पडलीये..."

आज पुढचा शुक्रवार. उन्नतीला क्लासला पाठवलं नाही. दाराला आतून कुलूप घालून, किल्ली कमरेला खोचून बसलेय. जिवतीकडे एकच मागणं... लेकरू माझ्याजवळ राहू दे.

हे लिहितेय, आणि उन्नती आतल्या खोलीतून आली.

दोन घट्ट वेण्या. मृणाली घालायची तशा.

मी घातल्या नाहीत.

ती दाराशी बसली आणि चपला घालायला लागली.

"कुठे गं?"

"मम्मीला प्रॉमिस केलंय, मोठी आई."