नावाची जागा

या, असं जवळ सरका. ही हकिगत मोठ्यानं सांगायची नाही. पण देवाला साक्ष ठेवून सांगते, पदरचं एक अक्षर घालणार नाही.

मी दवाखान्यात एमआरआय काढते. मेंदूतली गाठ काढण्याआधी सर्जनना नकाशा लागतो: गाठ कुठे, बोलण्याची जागा कुठे. पेशंटला यंत्रात निजवायचं आणि मनातल्या मनात छत्री, बादली असे साधे शब्द म्हणायला लावायचे. जो भाग कामाला लागतो, तो पडद्यावर उजळतो. गाठ मात्र काळीच राहते.

ती बाई शिवणकाम करायची. नवरा आणि लहानगी लेक बाहेर बाकावर बसली होती.

"तुमचं छत्री-बादली ऐकून झोप लागेल मला," ती म्हणाली. "लेकीचं नाव घेऊ? टिल्ली म्हणतो आम्ही तिला."

"घ्या की."

"बोलणं गेलं तर जाऊ दे. नवरा नवसच फेडेल! पण ताई, तिला विसरायला नको हो."

छत्री म्हटल्यावर नेहमीची जागा उजळली. टिल्ली म्हटल्यावर गाठ उजळली. सगळी, कडेपर्यंत.

"आता थांबा," मी माइकवर म्हटलं.

"मघाशीच थांबले, ताई."

गाठ उजळलेलीच होती.

सर्जनना दाखवलं, तर ते हसले. "गाठीला कुठली आलीय लेक? पुन्हा काढा."

पुन्हा काढलं. तेच.

"ठेवली तर बाई वाचत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

गाठ निघाली. मी वॉर्डात गेले, तेव्हा ती उशीला टेकून नवऱ्याची थट्टा करत होती. देवाचे आभार मानले.

"टिल्लीला नाही आणलं?"

"कोण टिल्ली?" ती म्हणाली.

मनाची तयारी होती माझी. मी नवऱ्याकडे वळले.

थकलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे मायेनं बघितलं. "ताई, आम्हाला मूलबाळ नाही."

सर्जननाही काही आठवेना. जुनी चित्रं काढली. त्यांतही आता गाठ काळीच होती.

मग टिल्लीचा आवाज माझ्याही मनातून गेला. मग चेहरा. बाकावर बसून वेणी घट्ट झाली म्हणून कुरकुरत होती, एवढंच उरलंय.

काल मीच यंत्रात निजले आणि तिचं नाव घेतलं. माझ्या जोडीला काम करणारी काच वाजवून म्हणाली, "अगं, डावीकडे मोहरीएवढं काहीतरी उजळतंय!"

ते मी काढू देणार नाही.

पण एकटीच्या डोक्यात ती किती दिवस राहील? तुमच्याकडे एवढंच मागते. टिल्लीला लक्षात ठेवा. निजण्याआधी एकदा, मनातल्या मनात.