भिंतीपासून चार हात

स्पीकरवाला तीनला येणार होता. काकू पावणेतीनलाच मास्तरांच्या घरी हजर. शेजारी नवी वस्तू येणार आणि काकूंनी ती आधी बघितली नाही, असं त्या मजल्यावर आजवर घडलं नव्हतं. पण आज त्या आपणहून आल्या नव्हत्या. मास्तरांनीच बोलावलं होतं.

मास्तरांची नजर अधू. त्यांच्या बायकोनं, काकू जिला वहिनी म्हणायच्या तिनं, कितीतरी पुस्तकं मोठ्यानं वाचून त्यांच्यासाठी कॅसेटमध्ये भरून ठेवली होती. मागची एवढीशी खोली, भिंतीला टेकलेली खुर्ची, आणि भिंतीपलीकडे काकूंचं स्वयंपाकघर. गेल्या वर्षी वहिनी त्याच खुर्चीत, वाचता वाचता गेल्या. मास्तर तेव्हा डोळ्यांत घालायचं औषध आणायला बाहेर पडले होते.

"जुन्या टेपवर ती सर्दी झाल्यासारखी वाटते," मास्तर म्हणाले. "तिचा आवाज तुमच्याइतका कुणी ऐकलाय, ताई? तुम्हीच निवडा. तिच्यासारखी वाटली पाहिजे, बस."

स्पीकरवाल्यानं दोन जोड्या आणल्या होत्या, एक लहान, एक थोराड.

"पुस्तकांच्या फळीवर बसतात हे, काकू."

"आणि पुस्तकं काय माझ्या डोक्यावर ठेवायची?"

तो हसला. आधी त्यानं खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध आणली. भिंतीला डोकं टेकलेलं असलं की आवाज घुमतो म्हणाला. दोन स्पीकर आणि खुर्ची, तिन्हींमध्ये सारखं अंतर हवं. मग काकूंना खुर्चीत बसवून त्यानं शेवटची कॅसेट लावली, लहान जोडीवर.

आवाज स्पीकरमधून आलाच नाही. तो आला दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेतून, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून. काकूंच्या अंगावर काटा आला. मास्तरांना हुंदका आवरेना, ते चहा टाकायला आत गेले.

मग थोराड जोडी. आता सगळंच ऐकू येऊ लागलं. पान उलटल्याचं. चष्म्याची काडी पुस्तकाला लागल्याचं. खुर्ची करकरल्याचं. वाक्य मध्येच तुटलं, श्वास अडकला... आणि त्यामागे, अगदी बारीक...

टक. टक. टक.

भिंतीवर दोन ठोके म्हणजे चहाला या. तीन म्हणजे असाल तशा या. ही खूण त्या दोघींनीच ठरवलेली. पण वहिनी गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, "आमच्या ताईंचे कान भिंतीलाच चिकटवलेत." सगळ्या हसल्या. काकूंना ते झोंबलं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ठोके ऐकूनही त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. नाहीत माझे कान भिंतीला, घ्या आता! नंतर मास्तरांना सांगितलं, मी बाजारात गेले होते.

"काही ठोकल्यासारखं आलं का हो?" स्पीकरवाल्यानं मान तिरकी केली. "लहान जोडीत नव्हतं."

"नळाचा पाइप वाजतो इथला."

मास्तर कप घेऊन आले. "कुठली, ताई?"

"लहान," काकू म्हणाल्या. "खोली केवढीशी. मोठ्या जोडीनं नुसतं घुमेल."

स्पीकरवाल्यानं थोराड जोडी खोक्यात भरायला घेतली. मग म्हणाला, तेही खरंच आहे.

संध्याकाळी काकू ओट्याशी उभ्या होत्या. भिंतीपलीकडे वहिनी वाचत होत्या, नेहमीसारख्या, संथ. ठोके ऐकू येणार नव्हते. काकूंनी सुस्कारा सोडला. वाक्य तुटलं. कॅसेट संपली असावी.

टक. टक. टक.

भांड्यांमागच्या भिंतीतून. टेपमधून नव्हे, भिंतीतूनच.

या वेळी काकू थांबल्या नाहीत. ओल्या हातांनी धावल्या. मास्तर खुर्चीत एका अंगाला कलले होते, घामानं निथळत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकूंनी मजला गोळा केला, गाडी आणवली. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

आठ दिवसांनी मास्तर घरी आले. काकू मऊ खिचडी घेऊन गेल्या. "बरं झालं, तुम्ही भिंत ठोकलीत."

"मी?" मास्तर म्हणाले. "ताई, माझा हात उचलवत नव्हता."

काकूंनी खुर्चीकडे बघितलं. ती अजून मधोमधच होती. भिंत चार हात लांब.

"त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकायचं राहिलं," मास्तर म्हणाले. "बसा ना जरा."

काकूंना निघायचं होतं. पाय निघेनात. मास्तरांनी चाचपडत बटण दाबलं. वहिनींनी ते शेवटचं पान वाचलं, वाक्य तुटलं, आणि लहान जोडीतून नुसती खरखर येत राहिली. काकू उठल्या.

"आज आलात, ताई."

दोन्ही स्पीकरच्या मधून. अगदी समोरून.

मास्तरांनी हळूहळू काकूंच्या दिशेनं तोंड वळवलं. "आज, म्हणजे?" त्यांनी विचारलं. "ताई... आणि तेव्हा?"

काकूंनी टेपकडे बघितलं. बटण कधीच वर आलं होतं, कॅसेट थांबली होती. खरखरही बंद झाली होती. पण मधल्या रिकाम्या जागेत कुणीतरी श्वास घेतला, आणि काकूंच्या उत्तरासाठी तो तसाच धरून ठेवला...