मशीनचा पत्ता

आमचं ऑफिस वर्ध्यात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. शेतकऱ्याला कापूस विकायची पाळी मोबाइलवर कळवायची, एवढंच काम. ते चालतं भाड्याच्या क्लाउड मशीनवर. चालू झालं की ते मशीन आधी मालक कंपनीच्या माहितीसेवेला विचारतं, माझा नेटवर्कवरचा पत्ता काय? मिळेल तो खरा धरून कामाला लागतं.

ही पद्धत माझ्यासोबत काम करणाऱ्या वडनेरच्या नागसेननं बसवली. तो म्हणायचा, "पत्ता हातानं लिहू नोको, साकेत. मशीनलेच विचारजो."

मी दीडशहाणा. गेल्या हंगामात घाईत हातानं लिहिला आणि एक आकडा चुकलो. कुणालाच निरोप गेले नाहीत, समुद्रपूरच्या कापूस बाजारात दीडशे गाड्या पाळी न कळता दिवसभर ताटकळल्या. ऑफिस चालवणाऱ्या नरहर सरांनी कुणी केलं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून नागसेनचं नाव निघालं. एका वाक्यात मी त्याचा पत्ता कापला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डबा उचलला आणि "येतो" म्हणाला. घरी तो पोचलाच नाही. त्याची बायको कांता दर आठवड्याला फोन करून विचारते, काही पत्ता लागला का. मी नाही म्हणतो, आणि मग दिवसभर लाजेनं मान वर होत नाही.

या सोमवारी मशीनला चुकीचा पत्ता मिळाला. आकडे ओळखीचे वाटले. माझेच होते, गेल्या वर्षी चुकलेले. ते मी तेव्हाच खोडले होते.

ते मशीन काढून टाकलं, नवं घेतलं. त्यालाही तोच पत्ता मिळाला. कंपनीच्या यादीत मात्र बरोबर दिसत होता.

सरांना खरं सांगायला उठलो. दारापर्यंत गेलो. ते जेवत होते. परत येऊन बसलो.

दोन वाजता कांताचा फोन आला.

"भाऊ, ते सापडले. समुद्रपूरच्या स्टँडवर. लोकायनं पत्ता विचारला तं तुमच्या घरचा सांगून राह्यले. दारातल्या सीताफळाच्या झाडासकट. कोनं तरी तिकडं पोचवून बी देल्लं म्हणे."

मी घरी फोन लावला. आई, मी साकेत, म्हणालो.

 तिच्या मागे ताटात वाटी ठेवल्याचा आवाज आला.

"साकेत तं इथं जेवून राह्यला," ती म्हणाली. "तुमी कोन?"

मी पडद्याकडे पाहिलं. मशीनचा पत्ता बरोबर आला होता.