खालचं पाणी

भिलाईहून पहाटे निघताना उर्वीला एकच धाकधूक होती, थर्मासच्या पेटीतला बर्फ टिकेल ना. भिलाईजवळच हथखोजच्या खाजगी लॅबमध्ये ती नुकतीच केमिस्ट म्हणून लागली होती. कोरब्याच्या पुढे एका कोळसा खाणीचं पाणी नाल्यात सोडतात, त्याचे नमुने आणायचे होते. सोबत सीनियर प्रफुलदादा. काम साधंच. खाणीचा पाईप नाल्याला मिळतो, त्याच्या वरच्या अंगाला एक बाटली भरायची आणि खालच्या अंगाला एक. आपल्याच हातानं. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

नाल्याकाठच्या गावात टँकरपाशी हंडा धरून गिरजाबाई बसली होती. बाटल्या पाहून म्हणाली, "नोनी, तुंहर रिपोर्ट म पानी बने निकलिस त टँकर बंद हो जाही. फेर का पीबो?"

रिपोर्टमध्ये पाणी चांगलं निघालं आणि टँकर बंद झाला, तर प्यायचं काय. उर्वी मान हलवून नाल्याकडे वळली.

प्रफुलदादा वरच्या अंगाला गेला, ती खालच्या. आभाळ सकाळपासूनच काळवंडलं होतं. ओल्या कोळशाचा, विझलेल्या काडीसारखा वास नाकात बसत होता. पलीकडे सिमेंटची एक जुनी भिंत, तिच्याखालून निघालेला पाईप आणि पंपाची घरघर. आईचा फोन आला. "हो गं, जेवली मी," एवढं बोलून तिनं ठेवला.

"कोनत्या गावची वो पोरी तू?"

उर्वीच्या हातातली बाटली पडता पडता राहिली. दगडावर एक म्हातारा बसला होता. डोक्यावर खाणीतली टोपी, टोपीवरचा दिवा भर दुपारी चालू. हा केव्हा आला? आणि इथे, या मुलखात, मराठी?

"भिलाईची... काका."

"आम्ही उमरेडकडचे. काय भरून राहिली?"

"नमुना. खालचं पाणी पाहिजे."

"खालचं?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "दे मंग. तू कावून उतरते... मी आनतो."

काठ निसरडा होता, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं बाटली दिली. तो नाल्यात उतरेल असं तिला वाटलं, पण तो भिंतीमागे गेला. परत आला तेव्हा त्याचे बूट कोरडे होते. बाटलीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ. आणि गरम, अंगात ताप असावा तसं.

"तपासलं की सांगजो," तो हळूच म्हणाला. "प्यायचं का नाही ते. आम्ही तेच पिऊन राहिलो... आमाले कोनी सांगत नाही."

"आम्ही म्हणजे... गावचे?"

"खालचे."

खालच्या अंगालाही वस्ती असेल, असं मनाशी म्हणत ती बाटलीवर चिठ्ठी चिकटवू लागली. मान वर केली तर दगड रिकामा.

प्रफुलदादा परत आला, आणि तिनं सांगितलेलं ऐकून उखडला. "बाटली दुसऱ्याले दिली? शिकवलं काय होतं तुले? अन् गेला कुठून तो?"

"त्या... भिंतीमागून."

प्रफुलदादानं भिंतीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलला, "भिंतीमागं काही नाही, उर्वी. जुन्या खदानीचं तोंड आहे, बुजवलेलं. पाणी घुसलं होतं... सगळे निघाले नाही म्हनते."

"पण तो 'खालचे' म्हणाला..."

"खदानीवाल्याची भाषा वेगळी राहते. 'खाली गेला' म्हनजे नाल्याच्या खाली नाही. आत उतरला."

तिच्या डोक्यात वर आणि खाली यांची नुसती गल्लत झाली. ती कोणतं पाणी मागत होती? त्यानं कोणतं दिलं? तरी नमुना पुन्हा घ्यायलाच हवा होता. गिरजाबाईचा टँकर त्यावर अवलंबून होता. ती बसत, घसरत उतरली आणि तिनं नव्या बाटलीत नाल्याचं पाणी भरलं. तांबूस, गाळाचं. आम्ल दाखवणारी पट्टी बुडवताच लाल झाली. म्हणजे पाणी खराब. टँकर बंद होणार नव्हता.

मग तिनं दुसरी पट्टी त्या स्वच्छ, गरम पाण्यात बुडवली. ती पहिलीपेक्षाही लाल झाली.

'सांगजो,' म्हातारा म्हणाला होता. प्रफुलदादा हाका मारत असताना ती भिंतीपाशी गेली. ते पाणी तिनं तिथेच ओतलं. मातीतून वाफ निघाली.

"काका," ती भिंतीला म्हणाली. आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "पिऊ नका... खराब आहे ते."

पंपाची घरघर थांबली. मग भिंतीच्या आतून, अगदी जवळून,

"मंग काय प्यावं आम्ही?"

तो एकाचा आवाज नव्हता.

तिनं पिशवीतली आपली प्यायच्या पाण्याची बाटली काढली, भिंतीच्या पायथ्याशी उभी ठेवली आणि मागे न बघता पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हथखोजला लॅबमध्ये तिनं थर्मासची पेटी उघडली. दोन्ही नमुने बर्फात शाबूत होते. त्यांच्या मधोमध तिची प्यायची बाटली आडवी पडली होती. झाकण घट्ट लावलेलं, आत थेंब नाही. हात लावला तर गरम.

बाटलीवर कोळशानं माखलेली बोटं उमटली होती. लहान, मोठी, जाड, बारीक. जागा उरली नव्हती.