रिकाम्या खोलीची नोंद

आमच्या विभागाच्या संकेतस्थळावर ‘कामगिरी’ नावाचं एक पान आहे. ते मी लिहितो. कुणाचा शोधनिबंध छापून आला, कुणाला पारितोषिक मिळालं, कोण कुठल्या परिषदेत भाषण ठोकून आलं, हे सगळं गोड शब्दांत मांडायचं आणि सोबत फोटो लावायचा. फोटोत सगळे हसत असतात. विभागप्रमुख मॅडम सांगूनही हसत नाहीत, तो भाग वेगळा.

बाकी वेळ मी यंत्र चालवतो. मेंदू काम करत असताना त्याच्याभोवती अगदी क्षीण चुंबकत्व तयार होतं, ते मोजणारं हे यंत्र. जाड धातूच्या दाराची एक खोली, आत एक खुर्ची आणि वर पार्लरमधल्या केस वाळवायच्या टोपासारखा भलामोठा टोप. लिफ्ट हलली तरी यंत्राला कळतं. म्हणून रोज सकाळी आधी रिकाम्या खोलीची नोंद घ्यायची, असा शिरस्ता आहे. खुर्चीत कुणी नाही, आवाज नाही, दार बंद. त्या दिवशीची जी काही खरखर असेल ती टिपून ठेवायची, म्हणजे नंतर माणसाच्या नोंदीतून ती वजा करता येते.

यंदाची मोठी बातमी मॅडमच्या पारितोषिकाची. आपल्या माणसाचा आवाज आला की मेंदूत एक विशिष्ट लाट उठते, अगदी झोपेतही; परक्याच्या आवाजाला ती उठत नाही, हे आम्ही दाखवलं होतं. बातमीसोबत जी लाट छापली, ती माझ्या बायकोची. हे मॅडमनाही ठाऊक नसेल, कारण नोंदींवर नावं नसतात. प्रयोगाला माणसं मिळेनात तेव्हा मी तिला बसवलं होतं. माझ्या आवाजात ‘अगं, ऐकतेस का?’ आणि अधूनमधून परक्यांचे आवाज. बाहेर आली आणि म्हणाली, “घरी ऐकत नाही म्हणून आता यंत्रात घालून ऐकवताय होय?”

तिला जाऊन आता दुसरं वर्ष. घरी गेलं की कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा. माणूस सवयीचा गुलाम असतो म्हणतात. मला मात्र याची सवय झालेली नाही.

पारितोषिकानंतर पाहुणे आले. त्यांना दाखवायला तोच जुना प्रयोग लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बंद करायचं विसरून मी रिकाम्या खोलीची नोंद घेतली. सगळे आवाज रिकाम्या खुर्चीला ऐकवले गेले. चूक लक्षात आली तेव्हा मी नोंद पुसायलाच निघालो होतो. परक्या आवाजांपुढे नुसती खरखर होती. माझ्या आवाजापुढे लाट होती.

मला हसूच आलं. खोलीत आवाज नेणारी नळी बदलली, तारा तपासल्या, लिफ्ट बंद ठेवायला लावली. परक्यांचे आवाज वाढवून पाहिले, काही नाही. माझा आवाज अगदी बारीक केला, तरी लाट. बातमीसाठी तिची लाट मी इतक्यांदा पाहिली होती की तिचा चढ, शेवटचं ते छोटंसं वळण मला पाठ होतं. ही तीच होती.

मग मी रोज सकाळी दोन नोंदी घेऊ लागलो. एक शिरस्त्याची, एक माझी. नवी वाक्यं रेकॉर्ड केली. ‘अगं, तुझ्या कुंड्यांना पाणी घातलं.’ ‘अगं, चष्म्याचा नंबर वाढलाय.’ प्रत्येक वेळी लाट उठायची. सांगणार कुणाला? डोकं फिरलं म्हणाले असते, आणि डोकं तपासायची सोय तर आमच्याकडे घरचीच. पण मी खूश होतो. खरंच खूश होतो. फक्त ती ऐकत होती, बोलत नव्हती.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, “एक छान बातमी लिहायचीय. नवं यंत्र मंजूर झालं. जुनं याच आठवड्यात उतरवतील.”

एकदा तिला पोचवून आलो होतो, आता पुन्हा जायचं होतं.

ती उत्तर देत असेल तर? माझ्या कानांना नाही कळणार, पण डोक्याला कळेल. झोपलेल्या माणसाचं डोकंही आपल्या माणसाला ओळखतं, हे आम्हीच तर छापलं होतं.

“मॅडम, यंत्र जायच्या आधी एकदा मला बसवाल?”

“आठवण म्हणून?”

“तसंच समजा.”

दार बंद झालं. टोप गार होता. एका परक्या बाईचा आवाज. शांतता. एका परक्या पुरुषाचा आवाज. शांतता. मग मी: ‘अगं, ऐकतेस का?’

शांतता. मी जीव कानांत आणून ऐकत होतो.

काही नाही.

पुन्हा माझी हाक. पुन्हा काही नाही.

बाहेर आलो तेव्हा डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्राण नव्हतं. मॅडमचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्याकडे बघत होत्या.

“तुमच्या आवाजानंतर कुणाचा आवाज ठेवलाय?”

“कुणाचाच नाही. तिथे शांतता आहे.”

“मग तुम्ही ओळखलंत कुणाला?”

“मॅडम, मला काहीच ऐकू आलं नाही.”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या प्रत्येक हाकेनंतर, शांततेच्या जागी, एकेक लाट होती. आपल्या माणसाच्या आवाजाला उठते तशी, स्वच्छ.

“यंत्र बिघडलंय,” त्या म्हणाल्या. “बरं झालं, जातंय ते.”

यंत्र गेलं. मी बातमीही लिहिली.

काल संध्याकाळी घरी भाजी चिरत होतो. “आलो, आलो,” म्हणत मी सुरी खाली ठेवली आणि हात पुसत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तिथे पोचल्यावर लक्षात आलं, की मला हाक ऐकूच आली नव्हती.