पिवळी भिंत

"नीलाताई, सासूला जास्त गोळ्या दिल्याचा आळ आलाय माझ्यावर! नवरा आज पोलिसात जाणार."

गोडादरा वस्तीतल्या राखीने दारातच रडत सांगितलं. सासू चंपाबाईंना हृदयाची गोळी सुरू झाली. मग उलट्या, आणि भिंती पिवळ्या दिसू लागल्या. रक्तात ते औषध भलतंच जास्त निघालं.

"पाकिटातल्या गोळ्या बरोबर उरल्यात, पण ऐकतो कोण? सेवा करून हे फळ! आत्ताच त्यांचं ब्लाउज दुसऱ्यांदा शिवून आत घेतलं मी."

गुप्तहेर नीला सबनीस उठलीच. मागोमाग चंद्रकांत, बँकेतून निवृत्त झालेला तिचा मित्र. रिक्षात बसेपर्यंत त्याने राखीला मनातल्या मनात दोषी ठरवलंसुद्धा!

इस्पितळात डॉक्टर ठाम होते. "वय, वजन आणि रक्ततपासणीवरून मूत्रपिंडाची ताकद काढूनच गोळी ठरवली. पंचावन्न किलोच्या बाईंना तेवढ्याने त्रास व्हायला नको. म्हणजे कुणीतरी जास्त दिल्या."

"वजन इथे केलं?" नीलाने विचारलं.

"त्यांना उभं राहवत नव्हतं. मुलाने बाहेरून करून आणलं."

मुलगा प्रज्ञेश चिडलेला होता. आईला एका हातावर सहज उचलून त्याने पलंगावर सरकवलं. इतक्यात त्याचा फोन वाजला.

"हां सेठ, सूत चढवलं काट्यावर. ढकलगाडीसकट अठ्ठ्याऐंशी किलो. गाडी तुम्ही वजा करजो."

नीलाचे डोळे चमकले. "चंद्रकांत, चंपाबाईंची ती चाकाची खुर्ची जरा उचल."

"आई गं! लोखंडाची आहे की काय?"

"हजीऱ्याच्या पोलाद कारखान्यातल्या दोस्ताने पाइप जोडून बनवलीय," प्रज्ञेश म्हणाला.

"आणि आईचं वजन कुठे केलंत?"

"आमच्या कारखान्यातल्या काट्यावर. खुर्चीत बसवून."

"खुर्ची कुणी वजा केली?"

प्रज्ञेश खुर्चीकडे बघू लागला. "वजावट... आम्ही कुठे करतो? काट्यावर आलं ते सांगतो. पुढचं सेठ बघतो."

"आणि डॉक्टर तुमचे सेठ नाहीत!"

रिकामी खुर्ची इस्पितळाच्या काट्यावर चढली. सतरा किलो!

"राखीने आत घेतलेलं ब्लाउज आठवा," नीला भराभर बोलू लागली. "भरलेल्या बाईचं कुणी दोनदा आत घेतं का? प्रज्ञेशने एका हाताने उचललेली आई पंचावन्न किलोची? चंपाबाई आहेत अडतीस किलोच्या. वजन फुगलं, म्हणून हिशोबात मूत्रपिंडंही धडधाकट ठरली. खरी मूत्रपिंडं तेवढं औषध बाहेर टाकू शकली नाहीत. रोजची गोळी अंगात साठत गेली. राखीने फक्त लिहून दिलेलीच गोळी दिली."

डॉक्टरांनी पुन्हा हिशोब केला आणि कपाळाला हात लावला. "बाहेरून आलेलं वजन मी मानायलाच नको होतं. गोळी बंदच आहे. पुन्हा दिली तर फार कमी, आणि तीही इथे वजन करून."

चंद्रकांतला इतका आनंद झाला की त्याने त्याच खुर्चीत बसकण मारली. प्रज्ञेश मात्र बायकोकडे बघेना.

चंपाबाईंनी वाळलेल्या, क्षीण हाताने त्याला जवळ बोलावलं. "पोऱ्या, मी इतली वायनू, तुले दखायनं नही?"

राखीने सासूचं सैल झालेलं ब्लाउज खांद्यावर नीट केलं आणि ती म्हणाली, "आई, हे आता तिसऱ्यांदा आत घेणार नाही. तुम्हीच अंगाने भरायचं."