तळ्याच्या रस्त्याचा खण

ती फक्त मोटरसायकलच्या चाकात हवा भरायला थांबली होती. पाच मिनिटांचं काम. सव्वा तास लागला.

कारण गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खण होते. जमिनीपासून छतापर्यंत. प्रत्येक खणात काहीतरी मोडकं, आणि त्याला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. अक्षर सुबक. 'खिंड, उतरताना.' 'पुलानंतरचे खड्डे.' 'गाव सोडल्यावर, कुत्रा.'

"कुत्रा?" ती मोठ्याने म्हणाली.

"कुत्र्याला काही झालं नाही," टायरांच्या ढिगामागून आवाज आला. "फूटरेस्ट गेलं."

आवाजापाठोपाठ मिस्त्री उभा राहिला. कानामागे पेन्सिल, कोपरापर्यंत काळं तेल, आणि हसू असं की... तिने पटकन पुन्हा चिठ्ठ्या वाचायला घेतल्या.

देशाची सीमा तिथून दोन तासांवर. पलीकडच्या देशात मोटरसायकल घेऊन जाणारे जाताना भुर्रकन जायचे. परत येताना मात्र सगळे ह्याच्याच दारात — ढकलत, ओढत, टेम्पोत घालून. काय मोडलं, कुठे मोडलं, हे विचारायचं आणि तो तुकडा जपून ठेवायचा, ही ह्याची नऊ वर्षांची खोड.

"मीही जाणार आहे पलीकडे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात. अठरा दिवस. एकटी."

हे 'एकटी' तिने जरा जोरातच म्हटलं. घरी म्हणून म्हणून सवय झाली होती. आई म्हणायची, दादाला घेऊन जा. मावशी — गाडी मूळची मावशीची. गुडघे गेले, गाडी राहिली — मावशी म्हणायची, दादाला नेलं तर त्याची बॅग कोण उचलणार?

मिस्त्री मात्र 'एकटी का?' म्हणाला नाही. त्याने विचारलं, "चेन कधी बदललीत?"

तिला तो तिथेच आवडला. हे तिने स्वतःला बरंच उशिरा सांगितलं.

*

सल्ला. आरशाबद्दल.

"पलीकडे रस्त्याच्या उजवीकडून चालवतात. उजव्या आरशाला लाल दोरा बांधा. दोरा कडेला, तुम्ही कडेला."

"एवढं लक्षात राहतं हो माणसाला."

"पहिल्या दिवशी राहतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन, रिकाम्या रस्त्यावर — तिथे विसरतात." त्याने खणातून तडा गेलेले आरसे काढून ओळीने मांडले. "तिसरा दिवस. तिसरा दिवस. आणि हे साहेब, तिसराच दिवस."

"बाकीचे सल्ले?"

"एका वेळी एक."

"असं का?"

"सगळे आजच दिले तर..." तो पाना पुसत राहिला. पाना आधीच स्वच्छ होता. "तर विसराल ना तुम्ही."

*

मग ती येत राहिली. दातांच्या दवाखान्यामागे तिची प्रयोगशाळा. तिथे ती कवळ्या बनवायची. सुटली की हाताला साच्यांचं प्लास्टर तसंच, आणि थेट गॅरेज. तिचे पांढरे हात, ह्याचे काळे. चहाच्या कपांवर ठसे असत; कोणाचा कप कोणता हे विचारावंच लागत नसे.

दर खेपेला एक सल्ला. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भर, पाव होण्याची वाट बघू नको. अंतर विचारताना किलोमीटर विचारू नको, किती वेळ लागेल ते विचार. पासपोर्टची एक प्रत सीटखाली, एक अंगावर. तिथल्या भाषेतले तीन शब्द पाठ कर: पाणी, पुरे, आणि कुठे.

(ह्या सल्ल्यांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कोणाच्याच लक्षात आलं नाही. मावशीच्या आलं. "मिस्त्री काय म्हणाला ग आज?" असं ती रोज विचारू लागली.)

"तू किती वेळा गेलास पलीकडे?" एकदा तिने विचारलं.

तो डोकं खाजवू लागला. "तसं... एकदाही नाही."

"काय!"

"दुकान कोण बघणार? आणि जायला कशाला हवं? देश स्वतःच चालत येतो की माझ्याकडे."

"लंगडत," ती म्हणाली, आणि दोघं इतकं हसली की हवेच्या पंपावरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

*

शेवटच्या आठवड्यात तिने कामाच्या टेबलावर नकाशा पसरला. केसाएवढी एक बारीक रेघ निळ्या तळ्याच्या कडेकडेने जात होती. तिने त्या रेघेवर बोट ठेवलं.

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. वरून तिसऱ्या ओळीत एक खण. चिठ्ठी होती: 'तळ्याचा रस्ता.' आत काहीच नव्हतं.

"नऊ वर्षांत एक स्क्रूही आला नाही तिकडून," तो म्हणाला. "तिकडून कोणी परत येत नाही. तू नको जाऊस. महामार्गाने जा."

"मला तोच रस्ता बघायचाय."

"ऐक ना..." तो थांबला. "मग मी येऊ? मागे मागे. अंतर ठेवून. तुला दिसणारही नाही मी."

तिला हेच ऐकावंसं वाटत होतं. आणि हेच नको होतं.

"नको," ती हळूच म्हणाली. "दादा चांगला आहे, म्हणूनच त्याला नको म्हटलं. तू तर... त्याहून चांगला आहेस. तू आलास तर मी प्रत्येक वळणावर तुझ्याकडे बघणार. आयुष्यात एकदा मला पुढे बघायचंय रे."

त्याने नकाशाची घडी घातली.

"बरं," शेवटी म्हणाला. "चेन जरा ढिली ठेवतो. सामान चढलं की ताणते."

त्याने आग्रह केला असता तर तिला राग तरी आला असता. निघाली त्या सकाळी त्याने फक्त दोऱ्याची गाठ तपासली.

*

न दिलेला सल्ला.

पहिल्याच मुक्कामी, गाडी पुसताना तिला सापडला. क्लच केबलच्या शेजारून दुसरी नवी केबल, टोकापासून टोकापर्यंत, दर वीतभर अंतरावर टेपने चिकटवलेली. जुनी तुटली तर नवी जागेवरच तयार. तो ह्याबद्दल एक अक्षरही बोलला नव्हता. ती त्या टेपवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन, रिकाम्या रस्त्यावर ती सवयीने डाव्या बाजूने निघाली. लाल दोरा कडेला नाही, रस्त्याच्या मधे फडफडला. तिने गाडी उजवीकडे घेतली आणि ट्रक शेजारून गेला. "बरोबर होतं रे तुझं," ती हेल्मेटमध्ये म्हणाली.

म्हणूनच नवव्या दिवशी, फाट्यावर, ती अडली. डावीकडे महामार्ग. उजवीकडे केसाएवढी रेघ. त्याचं आजवर सगळं खरं ठरलं होतं; मग हेही?

तिने हातमोजे काढले. नखात अजून प्लास्टर होतं. आणि एकदम तिला आपलं टेबल आठवलं — कवळ्यांची रांग, बोळक्यांचे साचे. तिच्या टेबलावरून पाहिलं तर गावात एकाच्याही तोंडात दात नसावा! धड दातवाला तिच्याकडे कशाला येईल?

आणि धड गाडीवाला मिस्त्रीकडे?

ती फाट्यावर एकटीच खो खो हसली. मग उजवीकडे वळली.

*

अठराव्या दिवशी दुपारी गॅरेजसमोर गाडी थांबली. तो टायर टाकून धावत आला. तिच्याकडे बघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग चूक कळून कानापर्यंत लाल झाला.

"काय मोडलं?"

"काही नाही."

"असं कसं? कुठून आलीस?"

"तळ्यावरून."

तिने हँडलवरची टेप सोडवली. तो न वापरलेली केबल बघत राहिला. तिने स्टूल ओढलं, वरून तिसऱ्या ओळीपर्यंत हात पोचवला, केबलचं वेटोळं रिकाम्या खणात ठेवलं. त्याच्या कानामागची पेन्सिल काढून चिठ्ठीवर लिहिलं: 'येताना, जाताना. शाबूत.'

"रस्ता गुळगुळीत आहे," स्टुलावरूनच ती म्हणाली. "म्हणून तुला कधी कोणी भेटलं नाही. तू आपला नऊ वर्षं बोळक्यांवरून गाव ओळखत बसलास."

त्याने चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग इतक्या हळू म्हणाला की पंपाच्या आवाजात तिला वाकावं लागलं —

"पहिल्यांदा पलीकडे जाणाऱ्याला काय सल्ला देशील?"

"एका वेळी एक देते मी."

"चालेल."

"चौथ्या वळणावर, पाण्याला लागून एक सपाट दगड आहे. दोघांना पुरतो." ती पेन्सिलीशी चाळा करत राहिली. "मी अर्ध्यावरच बसले होते."

त्याच्या तेलकट हातात तिचा हात कधी गेला, कोणास ठाऊक. ह्या वेळी तिचीही बोटं काळी झाली.

"पण मी मागे बसणार नाही हं," ती म्हणाली. "दोन गाड्या."

"दोन गाड्या," तो म्हणाला. "दगड एक."